घरच्या शाळेचं विज्ञान : पुस्तक अमेरिकेचं, झाड येऊरचं



"मॅडम, मुलाला घरीच शिकवतोय. विज्ञानासाठी ख्रिस्ती अभ्यासक्रम घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" हा प्रश्न मला अधूनमधून येतो. विचारणारे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडचे ख्रिस्ती पालक असतात. कुणाची फिरतीची नोकरी, कुणाला फी झेपत नाही, कुणाला मूल आपल्या श्रद्धेच्या वातावरणात वाढवायचं आहे. कारण कुठलंही असो, प्रश्न रास्त आहे आणि त्यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी परदेशी ख्रिस्ती विज्ञान-संच हा मुख्य अभ्यासक्रम करू नये. अवांतर वाचनाला तो घरात असायला काहीच हरकत नाही. माझी अडचण त्या पुस्तकांतल्या देवाशी नाही, त्यांतल्या ऋतूंशी आहे.

बाजारात काय मिळतं ते पाहू. फ्लोरिडाचं अबेका, साउथ कॅरोलिनाचं बॉब जोन्स, अपोलोजिया, बेरियन बिल्डर्स, आणि ए.सी.ई.च्या 'पेस' नावाच्या पुस्तिका. सगळं अमेरिकेत अमेरिकन मुलांसाठी लिहिलेलं. पेस पुस्तिका मुलाने स्वतः वाचायची, रिकाम्या जागा भरायच्या, उत्तरं तपासायची आणि पुढची पुस्तिका घ्यायची. आईबाबा दोघेही नोकरीला असतील तर सोय मोठी, हे मान्य. पण रिकामी जागा भरणं म्हणजे विज्ञान शिकणं नव्हे, ते आपण शाळेतही खूप करून पाहिलंय! अपोलोजियाची पद्धत वेगळी. तिथे एक वर्ष फक्त खगोल, एक वर्ष फक्त वनस्पती, असं एकेका विषयात मुरणं असतं. बेरियन बिल्डर्सचं पहिलं पुस्तक बायबलमधल्या निर्मितीच्या सहा दिवसांच्या क्रमाने जातं, म्हणून सुरुवात प्रकाशापासून होते, आणि प्रत्येक पाठात मुलाला हाताने काहीतरी करायला लावतं. या सगळ्यांत मला तेच उजवं वाटतं.

आता ऋतूंचं. अशा पुस्तकात पानगळीचा पाठ हमखास असतो. थंडी येते, दिवस लहान होतात, पानं लाल-पिवळी होतात आणि गळतात. चित्रात मेपल. आता तुमच्या मुलाला फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊरला घेऊन जा. साग उघडाबोडका उभा असतो, पायाखाली वाळलेल्या पानांचा करकर आवाज, आणि थंडी तर संपलेली! उलट ऊन तापायला लागलेलं असतं. इथला साग थंडीमुळे पानं टाकत नाही, जमिनीतलं पाणी कमी झालं म्हणून टाकतो. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, ती वाचवण्यासाठी. पाऊस आला की तोच साग पुन्हा हिरवागार. म्हणजे पुस्तक आपल्या जागी बरोबर आहे, पण आपल्या मुलाच्या डोळ्यांसमोरच्या झाडाचं कारण ते सांगत नाही. मूल परीक्षेत 'थंडी' लिहितं आणि खिडकीबाहेर बघणं बंद करतं. हे नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं.

दुसरं उदाहरण सावलीचं. ठाणे-कल्याण साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला एकेक दिवस सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, पण मेमध्ये गच्चीवर एक सरळ पाइपचा तुकडा उभा करून ठेवा. दुपारी साडेबाराच्या जरा पुढे, १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास, त्याची सावली नाहीशी होते. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हे कधीच घडत नाही, म्हणून तिथल्या पुस्तकाने ते सांगावं अशी अपेक्षाही नको. आकाशाचंही तसंच. तिकडच्या उत्तर भागात सप्तर्षी मावळत नाहीत, आपल्याकडे मावळतात. न्यूयॉर्कच्या मुलाला अगस्त्य तारा घरातून कधी दिसणार नाही. आपल्या मुलाला जानेवारी-फेब्रुवारीत रात्री दक्षिणेला दिसतो, फक्त इमारतींच्या मधून फट मिळायला हवी. नाही मिळाली तर वांगणीला जा. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तिथे होत आलेत आणि कल्याणहून कर्जत लोकलने ते काही लांब नाही. शिवाय या संचांत फॅरेनहाइट, इंच, औंस. आठ वर्षांच्या मुलाने आधी सेल्सिअस शिकावं की तिकडचं इकडे करत बसावं?

आता श्रद्धेचा मुद्दा, कारण पालकांच्या मनात खरा तोच असतो. वरच्या संचांपैकी बहुतेकांत पृथ्वी काही हजार वर्षांची आहे, असं गृहीत आहे. सगळे ख्रिस्ती हे मानतात असं मात्र नाही. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल मठात राहणारा धर्मबंधू होता. विश्व प्रसरण पावतंय, त्याची सुरुवात एका बिंदूतून झाली असावी, ही कल्पना मांडणारा लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ एक अटकळ राहिलेली नाही, असं जाहीरपणे म्हटलं. तेव्हा 'ख्रिस्ती विज्ञान' म्हणून जे विकलं जातं, ते ख्रिस्ती लोकांमधलं एक मत आहे. तुमच्या घरात, तुमच्या चर्चमध्ये कोणतं मत आहे, ते आधी तुम्हीच बघा.

आणि प्रश्न पुस्तकातून नाही आला तरी पायाखालून येणारच. कल्याणहून मलंगगड दिसतो. तो काळा कातळ लाव्हाचा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मूल दगड हातात घेऊन विचारेल, "आई, हा किती जुना?" तेव्हा काय सांगणार? मला वाटतं, दोन्ही सांगावं, पण सरमिसळ न करता. भूवैज्ञानिक एवढं वय सांगतात, आणि ते कसं काढतात तेही सांगावं : खडकातली काही द्रव्यं ठरावीक वेगाने दुसऱ्या द्रव्यांत बदलतात, ते प्रमाण मोजून. मग आपल्या घरात निर्मितीची गोष्ट आपण कशी वाचतो, ते सांगावं. पहिल्याला विज्ञान म्हणावं, दुसऱ्याला श्रद्धा. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे झेपतं. झेपत नाही ते पुढे पंधराव्या वर्षी कळणं, की आईने 'विज्ञान' म्हणून शिकवलेलं परीक्षेत चूक ठरतंय. तेव्हा मूल पुस्तकावर चिडत नाही, आईवर चिडतं.

आणि ती परीक्षा येतेच. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे, त्यात घरी शिकण्याचा वेगळा उल्लेख नाही. घरी शिकणारी बरीच मुलं पुढे एनआयओएसमधून दहावी देतात, त्यासाठी वय किमान १४ लागतं. त्याआधी त्यांच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्या आहेत. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही पाचवी, आठवी, दहावी घेतं. कधी मध्येच शाळेत घालावंसं वाटलं, तर बालभारतीचं पाचवीचं 'परिसर अभ्यास भाग २' पाहून ठेवा. इतिहासाचं पुस्तक असूनही त्यात उत्क्रांतीवर धडा आहे. दहावीच्या विज्ञान भाग २ चा तर पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'.

मग घ्यायचं काय? पाया म्हणून बालभारतीची परिसर अभ्यासाची पुस्तकं, मंडळाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. सोबत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची 'स्मॉल सायन्स' मालिका. तिसरी ते पाचवीसाठी आहे, आणि तिच्यात मुलाने आधी बघायचं, करायचं, मग बोलायचं असा क्रम आहे. घरी एकटं शिकणाऱ्या मुलासाठी मात्र एक गोष्ट मुद्दाम करावी लागते : आठवड्यातून एकदा बिल्डिंगमधलं दुसरं मूल बोलवा. "तुझं चुकलंय" म्हणणारं कुणीतरी हवंच. आई ते प्रेमाने म्हणते, मैत्रीण भांडून म्हणते, आणि भांडणात मोजमाप पुन्हा केलं जातं.

प्रार्थना कुठे बसवायची, हे मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही. एवढं मात्र सांगते. १३२१ मध्ये जॉर्डानस नावाचा एक युरोपियन धर्मगुरू ठाण्याला आला होता. पुढे त्याने लॅटिनमध्ये या देशाचं वर्णन लिहिलं. खोडालाच लागणारा फणस, आंबा, नारळ, तीनच महिने पडणारा पाऊस, सगळं त्यात आहे. श्रद्धेने पक्का माणूस, पण इथे आल्यावर त्याने इथलंच पाहिलं आणि इथलंच लिहिलं.

सुरुवात जूनमध्ये करा. पाण्याची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा आणि गच्चीत उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, हवामान खातंही दिवसाचा पाऊस त्याच वेळेला मोजतं. मग पेपरमधला सांताक्रूझचा आकडा वहीत शेजारी लिहा. डोंबिवलीचा आणि सांताक्रूझचा आकडा बहुतेक वेळा जुळणार नाही. का जुळत नाही, हे मुलाला लगेच सांगू नका.