सूचीचे शास्त्र मराठीत केव्हा?

ग्रंथालय हे महाविद्यालयाचे हृदय होय, हे वाक्य आपण प्रत्येक समारंभात ऐकतो. परंतु ग्रंथालयाची सूची कोण करतो, कशी करतो, याचा विचार आपल्यापैकी कितीजण करतात? कपाटात असलेले पण सूचीत न सापडणारे पुस्तक वाचकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच!

सूचीकरण म्हणजे पुस्तकाचे नाव व किंमत वहीत उतरवणे नव्हे. आपल्या खानदेशचेच उदाहरण घ्या. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आणि सतराव्या शतकातील संत बहिणाबाई या दोघी कवयित्री, दोघी मराठी. सूचीत नुसते ‘बहिणाबाई’ लिहिले, तर गाणी मागणाऱ्याच्या हाती अभंग पडतील. म्हणूनच नावाचे एक रूप ठरवून त्यापुढे जन्ममृत्यूची वर्षे देतात. शेजारच्या धरणगावी जन्मलेल्या बालकवींना कोणी ‘बालकवी’ म्हणून शोधतो, तर कोणी ‘ठोंबरे, त्र्यंबक बापूजी’ म्हणून. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या पाहिजेत. या वाटा आखणे हेच सूचीकाराचे काम.

हे शास्त्र शिकण्यासाठी आता एरंडोल सोडावे लागतेच असे नाही. संगणकीय नोंदीच्या ‘मार्क २१’ या पद्धतीची माहिती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने इंटरनेटवर खुली ठेवली आहे. १०० क्रमांकाच्या रकान्यात लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय, हे कोणीही मोबाईलवर वाचू शकतो. ‘ई-पीजी पाठशाला’वर ग्रंथालयशास्त्राचे धडे आहेत. दार उघडले आहे, ही आनंदाची गोष्ट.

पण उंबरठा अजून उंच आहे. नोंदीचा साचा फुकट असला, तरी त्यात काय व कसे लिहावे हे सांगणारी ‘आर. डी. ए.’ ही २०१० ची नियमावली वर्गणी भरल्याशिवाय उघडत नाही. शिवाय साहित्य बहुतेक इंग्रजीत आणि उदाहरणेही परकी. ज्यांना आडनावच नाही अशा संतांची नोंद कशी करावी? जुन्या पुस्तकावर शके १८५० छापले असेल, तर ते इसवी सन १९२८–२९ होय, हे नवख्याला कोण सांगणार?

कोणी म्हणेल, इंग्रजी शिका म्हणजे झाले. इंग्रजी शिकलेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु नियम पुस्तकासाठी असतो, आणि आपले पुस्तक मराठी आहे. डॉ. रंगनाथन यांनी १९३४ साली भारतातून स्वतंत्र सूचीसंहिता दिली. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या छापील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. इंटरनेट नसताना एवढे घडले, तर आज आपण नुसते वाचक म्हणून का राहावे?

माझी सूचना साधी आहे. मराठी विभाग व ग्रंथालय यांनी मिळून खानदेशातील लेखकांची पन्नास पुस्तके निवडावीत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रमाणित नोंदी कराव्यात, प्रत्येक निर्णयाचे कारण मराठीत लिहावे, प्राध्यापकांनी व ग्रंथपालांनी ते तपासावे आणि मग सर्वांसाठी इंटरनेटवर खुले ठेवावे. खर्च नाममात्र, श्रम मात्र खरे. पुढच्या वर्षी दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाने त्यात आणखी पन्नासांची भर घातली, तर मराठीतील पाठ्यसाहित्य आपोआप उभे राहील.