पदवीची किंमत आणि सरकारचा न्याय

सरकारनें एखाद्या विद्यालयावर गंभीर आरोप करावा, विद्यालयानें तो साफ नाकारावा, आणि कोणाचें खरें याचा निवाडा होण्यापूर्वींच सरकारनें आपला आरोप मागें घ्यावा, हा प्रकार कोणत्याही सुव्यवस्थित राज्यास भूषणावह नाहीं. अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, फीनिक्स शहरीं असलेल्या ग्रँड कॅनियन विद्यापीठाच्या बाबतींत नेमकें हेंच घडलें. प्रकरण दूरदेशचें असलें तरी त्यांतील तत्त्व आमच्या वाचकांच्या अगदीं दाराशीं येऊन ठेपलें आहे, म्हणून त्याचा येथें विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

हें खासगी विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें. २००४ सालीं तें नफ्यासाठीं चालणारी संस्था बनलें, व २०१८ सालीं त्यानें पुन्हा धर्मादाय स्वरूप धारण केलें. मात्र बहुतेक व्यवस्थेचें काम पूर्वीच्याच व्यापारी कंपनीकडे राहिलें, आणि त्याबद्दल विद्यापीठाच्या उत्पन्नाचा सुमारें ६० टक्के भाग तिला मिळावयाचा असें ठरलें. कर खात्यानें संस्थेचें धर्मादायपण मान्य केलें; शिक्षण खात्यानें २०१९ सालीं तें नाकारलें. विद्यापीठ २०२१ सालीं न्यायालयांत गेलें, आणि खात्यानें चुकीची कसोटी लावली असा निर्णय अपील कोर्टानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला.

हा वाद चालू असतांनाच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शिक्षण खात्यानें विद्यापीठास ३ कोटि ७७ लक्ष डॉलर दंड ठोठावला. आरोप असा कीं, डॉक्टरेटचा खर्च ४० ते ४९ हजार डॉलर येईल असें सांगून ७,५०० हून अधिक आजी-माजी विद्यार्थ्यांची दिशाभूल करण्यांत आली. पदवी मिळविणाऱ्यांपैकीं त्या रकमेंत भागलें असे शेंकडा दोनहि नव्हते. शेंकडा ७८ जणांस प्रबंध पुरा होईपर्यंत आणखी १० ते १२ हजार डॉलर भरावे लागले, असें खात्याचें म्हणणें होतें. त्याच वर्षीं डिसेंबरांत व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या मध्यवर्ती आयोगानेंहि निराळी फिर्याद लावली.

विद्यापीठानें सर्व आरोप नाकारले. जादा खर्चाची सूचना प्रवेशाच्या कागदपत्रांत स्पष्ट दिलेली आहे, आणि आम्हीं सरकारास कोर्टांत खेंचलें याचा हा सूड आहे, असें त्याचें उत्तर होतें. पुढें जानेवारी २०२५ मध्यें राज्यकारभार दुसऱ्या पक्षाच्या हातीं गेला. मे महिन्यांत दंड रद्द झाला, तोहि दोषादोषाचा कांहींएक निर्णय न होतां. ऑगस्टांत आयोगानेंहि फिर्याद काढून घेतली.

आतां विचारी माणसानें काय समजावें? आरोप खोटा असेल, तर एका संस्थेच्या लौकिकास दीड वर्ष लागलेल्या डागाची भरपाई कोण करणार? आरोप खरा असेल, तर ज्यांनीं कर्ज काढून ते हजारों डॉलर भरले त्यांची दाद कोणीं घ्यावयाची? कोणी म्हणेल कीं, विद्यापीठ सुटलें म्हणजे तें निर्दोष ठरलें. आम्हांस हें मान्य नाहीं. फिर्यादी उठून गेला म्हणजे निवाडा झाला असें होत नाहीं. त्याचप्रमाणें दंडाचा आंकडा मोठा म्हणून अपराध सिद्ध झाला, असेंहि म्हणतां येत नाहीं. आरोप करणारा, दंड ठरविणारा आणि तो माफ करणारा एकच असला, म्हणजे कारभारी बदलतांच न्यायहि बदलला असा संशय येतो. आणि तो संशय दोन्ही पक्षांस सारखाच घातक आहे.

आमच्या महाराष्ट्रांत १९८३ पासून विनाअनुदान कॉलेजांची वाट मोकळी झाली. १९८७ सालीं कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा करावा लागला. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें फी ठरविण्याचें स्वातंत्र्य मान्य केलें, पण नफेबाजीस मज्जाव केला. आणि २०१५ च्या कायद्यानें व्यावसायिक शिक्षणाच्या फीसाठीं प्राधिकरण नेमलें गेलें. म्हणजे खासगी विद्यालय व सरकारी देखरेख यांचा झगडा आम्हांस नवा नाहीं.

यावर आमचें सांगणें दोनच गोष्टींचें आहे. पहिली ही कीं, अशा आरोपांची चौकशी खात्याबाहेरील स्वतंत्र न्यायाधीशापुढें, ठराविक मुदतींत व उघडपणें व्हावी, आणि निर्णय कोणत्याही बाजूचा असो, तो कारणांसह प्रसिद्ध व्हावा. दुसरी ही कीं, पदवी हातीं पडेपर्यंत मागील विद्यार्थ्यांस खरोखर किती वर्षें व किती पैसे लागले, हा हिशेब प्रत्येक संस्थेनें प्रवेशापूर्वींच पहिल्या पानावर छापावा. कापडाचा भाव वारावर सांगून निघतांना धाग्याचे पैसे निराळे मागणारा दुकानदार आमच्या पेठेंत फार दिवस टिकणार नाहीं. पेठेंतील गिऱ्हाइकास जी सचोटी मिळते, ती विद्येच्या गिऱ्हाइकास मिळूं नये काय? आपल्या मुलांचे फॉर्म भरतांना पालकांनीं हा हिशेब लेखी मागावा. कायदा येईल तेव्हां येवो, मागण्यास कोणाची मनाई नाहीं.