हॅलो ऐकू येतं, गाणं का नाही?

परवा पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. मागे आई आणि सौ., शेजारी आमचे चिरंजीव. आईला नाट्यगीतं ऐकायची होती. फोन गाडीला ब्लूटूथने जोडलेला. तसं पडद्यावर लिहूनच आलं होतं. गाणं मात्र फोनमधूनच, चिरक्या आवाजात. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला, तर त्याचं ‘हॅलो’ गाडीभर घुमलं! एका हाताने स्टिअरिंग धरून मी पडद्यावर बोटं मारू लागलो. पुढच्या ट्रकचे लाल दिवे आईने पाहिले, मी नाही. ती ओरडली म्हणून ब्रेक लागला.

शिरवळला गाडी बाजूला घेतली, चहा सांगितला.

महिनाभर हेच चाललं होतं. शोरूमवाले म्हणत, फोनचा दोष. फोनवाला म्हणे, गाडीची सिस्टीम जुनी, नवी बसवा. चहा येईपर्यंत चिरंजीवांनी दोघांनाही खोटं पाडलं. ब्लूटूथ या एका नावाखाली दोन वाटा असतात. बोलण्याची वाट दुहेरी पण अरुंद. म्हणून तिथला आवाज दबका. संगीताची वाट एकेरी पण रुंद. एक चालू नि दुसरी बंद असू शकते, आणि पडदा नुसतं ‘जोडले’ म्हणून मोकळा होतो. माझ्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये गाडीच्या नावाखाली कॉलचं बटण चालू होतं, ‘मीडिया ऑडिओ’चं बंद. कुणाचं बोट कधी लागलं, देव जाणे! एवढ्याने भागलं नसतं, तर ओळख दोन्हीकडून पुसून नव्याने जोडायची. आपण फोनमधून पुसतो, गाडी मात्र जुनी ओळख धरून बसते. आणि सौ.च्या पर्समधला फोन आधी जोडला गेला, तर आपण आपल्याच फोनवर चिडत राहतो.

१९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा एकत्र आल्या, त्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावं म्हणूनच. नावही घेतलं ते डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं, लोकांना एकत्र आणणाऱ्याचं. यंत्रं बोलू लागली. विकणारे अजून एकमेकांकडे बोट दाखवतात. फोनचं सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं, गाडी आपण दहा-पंधरा वर्षं वापरतो. मग गाडीचं सॉफ्टवेअरही तितकी वर्षं सुधारून द्यायला नको का? निदान वायरचं साधं भोक तरी ठेवा. तेही अनेक गाड्यांतून गेलं, आणि कित्येक नव्या फोनांतूनही. कोणती वाट बंद आहे हे पडद्यावर एका ओळीत लिहायला काय मोठा खर्च येतो? ती ओळ नव्हती, म्हणून माझे डोळे रस्त्यावरून हटले. चूक माझीच, पण ती करण्याची सोय कुणी करून दिली?

साताऱ्यापर्यंत नाट्यगीतं छान वाजली. एक मध्येच अडकलं, तशी मी हात पुढे केला.

“राहू दे,” आई मागून म्हणाली, “मला पाठ आहे ते.” आणि तिने स्वतःच उरलेलं गाणं म्हटलं.