कशात तळता?

शाळेत इंग्रजीच्या संभाषणाच्या पुस्तकात हॉटेलचा एक धडा होता. 'मला मेन्यू मिळेल का', 'कृपया बिल आणा' ही वाक्यं मी घोकून पाठ केली होती. काही वर्षांपूर्वी बहिणीकडे यॉर्कशायरला गेलो आणि फिश अँड चिप्सच्या दुकानात रांगेत उभा राहिलो, तेव्हा त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही.

मेन्यू भिंतीवर लिहिलेला होता आणि पैसे आधीच द्यायचे होते. काउंटरमागच्या बाई प्रत्येकाला विचारत होत्या, 'कॉड ऑर हॅडक, लव्ह?' परक्या बाईने 'लव्ह' म्हणावं याने मी दचकलो. भाचा हसून म्हणाला, "मामू, तुमच्याकडे भाजीवाली 'दादा' म्हणते ना, तसंच आहे ते."

बाकीचे शब्दही त्यानेच समजावले. कॉड आणि हॅडक हे दोन वेगळे मासे. यॉर्कशायरची पसंती हॅडकला, दक्षिणेकडे कॉडला. आपल्याकडे सुरमई की हलवा यावर घरं वाटली जातात, तसंच. चिप्स म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले तुकडे. आपण ज्यांना वेफर्स म्हणतो ते तिथे क्रिस्प्स. 'ओपन ऑर रॅप्ड?' म्हणजे इथेच खाणार की कागदात गुंडाळून देऊ? 'स्क्रॅप्स' म्हणजे कढईत सुटलेला पिठाचा कुरकुरीत चुरा. वडापावच्या गाडीवर आपण मागतो तोच.

पण बहिणीने घरातून निघताना बजावलं होतं की सगळ्यात आधी एक प्रश्न विचार: 'व्हॉट डू यू फ्राय इन?' कशात तळता? मासा आम्हाला हलालच आहे, त्याला जबह करावं लागत नाही. प्रश्न तेलाचा असतो. यॉर्कशायरमधली बरीच जुनी दुकानं 'बीफ ड्रिपिंग'मध्ये, म्हणजे गुरांच्या वितळवलेल्या चरबीत तळतात आणि खरी चव त्याचीच असं अभिमानाने सांगतात. दुसरा प्रश्न, सॉसेज त्याच कढईत तळता का? कारण सॉसेज बहुधा डुकराचं. तिसरा, पिठात बिअर घालता का?

हे तीन प्रश्न माझ्या घशात अडकले. मागे सात-आठ जणांची रांग. वाटलं, पाहुणा म्हणून आलोय आणि भर दुकानात मजहब काढून बसतोय. तेवढ्यात माझ्या पुढच्या गोऱ्या मुलीने विचारलं, "चिप्स कशात तळता? मी शाकाहारी आहे." बाई म्हणाल्या, "ड्रिपिंगमध्ये, लव्ह. बसस्टॉपजवळच्या दुकानात तेल वापरतात, तिकडे जा." मुलगी 'थँक यू' म्हणून निघाली. तिच्या मागोमाग आम्हीही निघालो. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती.

पुढे वाचनात आलं की हा प्रश्न त्या पदार्थाइतकाच जुना आहे. पीठ लावून तळलेला मासा इंग्लंडमध्ये आणला तो स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यूंनी, असं मानलं जातं. डुकराची चरबी त्यांनाही वर्ज्य, म्हणून ते तेलात तळत. शुक्रवारी तळून ठेवलेला मासा शनिवारी, चूल न पेटवण्याच्या दिवशी, थंडच खात. मासा आणि चिप्स एकत्र विकणारं पहिलं दुकान लंडनच्या जोसेफ मालिन या ज्यू माणसाचं की लँकेशायरच्या मॉस्लीतल्या जॉन लीस यांचं, हा वाद अजून मिटलेला नाही. दोघेही १८६०च्या आसपासचे. इंग्रजांचं म्हणून जगभर ओळखलं जाणारं हे खाणं खाण्यापिण्याचे नियम पाळणाऱ्या स्थलांतरितांच्या घरातून आलं.

परत आल्यावर मला आपल्याकडचं वातावरण जास्त टोचू लागलं. कांदा-लसूण आहे का, हे जैन मित्र विचारतो तेव्हा सगळे अदबीने उत्तर देतात, आणि ते योग्यच आहे. मी 'मटण कुठलं?' विचारलं की टेबलावर शांतता पसरते. माणूस कट्टर दिसतो, असं चेहऱ्यांवर वाचता येतं. म्हणून आमच्यातले कित्येक जण विचारतच नाहीत, 'आज उपास आहे' म्हणून वेळ मारून नेतात. उलट माझा डबा उघडला की 'आत काय आहे?' हे विचारायला कुणाला संकोच वाटत नाही. आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. कुणाच्या पोराने परदेशात ड्रिपिंगमधला मासा खाल्ला, याची चौकशी करणारे चाचा प्रत्येक मोहल्ल्यात सापडतात.

माझं म्हणणं साधं आहे. माझ्या ताटात काय येणार हे विचारणं हा माझा हक्क आहे. दुसऱ्याच्या ताटात काय आहे हे विचारणं ही चौकशी आहे, मग ती कुणीही करो. पहिला प्रश्न लाजत विचारावा लागतो आणि दुसरा बेधडक विचारला जातो, हे आपलं दुखणं आहे.

इंग्रजीच्या पुस्तकात धडा घालायचं माझ्या हातात असतं तर मी 'व्हॉट डू यू फ्राय इन?' हे वाक्य पहिलं घातलं असतं. आणि त्याखाली त्या बाईंचं उत्तरही. प्रश्न मी विचारू शकलो नव्हतो, पण उत्तर कसं द्यावं हे मात्र त्यांच्याकडून शिकलो.