अपठित उतारा : स्वयं-अध्ययनाची खरी कसोटी

दरवर्षी पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कार्यालयात काही माणसे येऊन उभी राहतात. कुणाच्या हातात घडी पडून विरलेला शाळा सोडल्याचा दाखला असतो, कुणाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स. बोलायला संकोच वाटतो. शेवटी एकदाचे वाक्य बाहेर पडते, "सर, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा होता."

हा फॉर्म भरून दहावी-बारावीची परीक्षा खासगीरीत्या देता येते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आठवीत लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, आई-वडिलांबरोबर दर हंगामाला ऊसतोडीवर जाऊन शेवटी शाळेतून नावच कमी झालेला मुलगा, धाकट्या भावंडांचे शिक्षण व्हावे म्हणून स्वतः थांबलेली थोरली बहीण, अशा सगळ्यांसाठी हे दार आहे. आपल्या समाजाच्या दृष्टीने या दाराचे मोल फार मोठे आहे, कारण अर्ध्यावर शाळा सुटणाऱ्यांमध्ये आपली मुले नेहमीच पुढे असतात.

या दारातून आत आलेल्यांपैकी कित्येकांची गाडी पुढे अडते ती इंग्रजीत. गणिताची भीती सर्वांना ठाऊक आहे. पण इंग्रजीचे अपयश अधिक गूढ वाटते. "सगळे पाठ केले होते, सर, तरी राहिले," हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, की अपयशाचे कारण त्या वाक्यातच दडलेले आहे. जे पाठ करता येत नाही, त्याची तयारी आपण पाठांतराने करतो.

दहावीच्या सध्याच्या इंग्रजी तृतीय भाषेच्या कृतिपत्रिकेकडे पाहा. लेखी परीक्षा ८० गुणांची. त्यांतले २० गुण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यांना, आणि पुस्तकाबाहेरचा अपठित उतारा व त्याचा सारांश मिळून १५ गुण. म्हणजे ३५ गुण केवळ वाचून समजण्याचे आहेत. कविता, पत्रलेखन, भाषांतर हे सगळे याशिवाय. अपठित उतारा कोणत्याही गाइडमध्ये सापडणार नाही; तो आधी सापडू नये म्हणूनच तर तो 'अपठित' आहे. पुढे स्पर्धा परीक्षांच्या वाटेला लागलेल्यांनाही हीच कसोटी भेटते. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत उताऱ्यांवरचे प्रश्न असतात. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ३०० गुणांचा इंग्रजीचा पेपर असतो; त्याचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, पण त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर विचारात घेतले जात नाहीत.

काही वर्षांपूर्वी आमची एक माजी विद्यार्थिनी अशीच आली. दोन मुलांची आई झालेली. इंग्रजीत राहिली होती आणि पुन्हा बसणार होती. मी तिच्यापुढे एक छोटा उतारा ठेवला. दुष्काळाचे वर्ष आहे, शेजारी एका शेतकऱ्याला बैल विकून टाकायला सांगतो, शेतकरी रात्रभर विचार करतो आणि बैल विकत नाही, अशी साधी गोष्ट होती. खाली प्रश्न होता : शेतकऱ्याने बैल का विकला नाही?

तिने प्रश्नातला 'सेल' हा शब्द पाहिला, उताऱ्यात तो शब्द कुठे आहे ते बोटाने शोधले आणि ते संपूर्ण वाक्य सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. ते वाक्य शेजाऱ्याच्या सल्ल्याचे होते, म्हणजे नेमके उलटे. खरे उत्तर शेवटच्या दोन ओळींत होते आणि तिथे 'सेल' हा शब्दच नव्हता. उद्या पाऊस झाला तर पेरणीला उसना बैल कोण देणार, असे शेतकरी बायकोला म्हणतो, एवढेच तिथे होते.

मी उतारा झाकला आणि म्हणालो, "आता गोष्ट काय आहे ती मला मराठीत सांग." ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "सर, गोष्ट कुणी विचारतच नाही. उत्तरच विचारतात."

त्या वाक्याने मी खजील झालो. कारण शब्दाला शब्द जुळवून वाक्य उतरवण्याची ती युक्ती तिला दुसऱ्या कुणी शिकवली नव्हती. मीच शिकवली होती. माझा विषय इतिहास. पण शिक्षक कमी असले की इंग्रजीचे तास माझ्याकडे येत. निकालाची चिंता असे, वेळ कमी असे. "आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोधा, ते वाक्य लिहा," असे मी वर्षानुवर्षे फळ्यापाशी उभा राहून सांगितले. काही मुले त्यावर तरलीही. पण मी त्यांना वाचायला शिकवत नव्हतो. न वाचता निभावून न्यायला शिकवत होतो. ज्या बाईने स्वतःच्या घरात दुष्काळ पाहिला आहे, उसन्या बैलाची लाचारी जिला माहीत आहे, तिला चुलीपाशी हाच प्रश्न विचारला असता तर तिने क्षणात उत्तर दिले असते. उत्तर तिच्या जगण्यात होते. मी शिकवलेली युक्ती तिच्या आणि त्या उत्तराच्या मध्ये आडवी आली.

नियमित विद्यार्थ्याला वर्गात कुणीतरी निदान अर्थ सांगणारे असते. स्वतः अभ्यास करणाऱ्याच्या शेजारी कुणी नसते. दिवसभर काम, संध्याकाळी स्वयंपाक, मुले झोपल्यावर उघडलेले पुस्तक. त्यामुळे त्याच्या हाती लागते ते गाइड, आणि गाइडमध्ये प्रश्नाखाली उत्तर छापलेलेच असते. छापील उत्तर वाचून 'समजले' असे वाटते. पण ते समजणे दुसऱ्याचे असते. परीक्षेच्या दिवशी पुढे नवा उतारा येतो आणि खाली उत्तर नसते.

एकट्याने वाचून समजून घेण्याची सवय कशी लागते, याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. बाबासाहेब आंबेडकरांच्या बालपणाचा हा भाग चरित्रांत येतो, पण जयंतीच्या भाषणांत तो फारसा कुणी सांगत नाही. सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक राहिलेले गृहस्थ. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके करवून घेतली आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेतली. भाषांतर पाठमालेचा मार्ग काय होता? इंग्रजी वाक्य मराठीत आणायचे, मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचे, आणि प्रत्येक वेळी नेमका शब्द शोधायचा. अर्थ कळल्याशिवाय भाषांतराचे एक पाऊल पुढे पडत नाही. तिथे शब्द जुळवून भागत नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, रात्री सगळे निजल्यावर, वडिलांनी उठवल्यानंतर चाललेला हा अभ्यास होता. पुढे चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेस पडला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते पुस्तक मराठी होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इंग्रजीवर प्रभुत्व मिळवणाऱ्या त्या विद्यार्थ्याचे वाचन मराठीतही तितकेच चालू होते.

आपल्या भागाचा इतिहासही या संदर्भात आठवावा. तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. आज तासाभरात सोलापूरला जाऊन येता येते. पण सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजी अमलात आणि आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडे माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले; १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. म्हणजे आपल्या आजोबांच्या पिढीतल्या एखाद्याला शिकायची संधी मिळालीच, तरी त्याला परक्या भाषेच्या पायरीवरूनच वर जावे लागे. पलीकडे सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. आपण ज्या निवासी शाळेची स्मरणिका वाचत आहोत, तिचे मूळ अशा वसतिगृहांत आहे. पुढे १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, आणि बाबासाहेबांनी त्याला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. भदंत नागसेनांनी सांगितलेले त्याने पाठ केले नाही. शंका काढल्या, दृष्टांत मागितले, पटेपर्यंत विचारले. आकलन म्हणजे दुसरे काय असते?

मग घरी एकट्याने सराव करणाऱ्याने काय करावे? त्या विद्यार्थिनीबरोबर मी जे करून पाहिले, तेच सांगतो.

पहिली गोष्ट, प्रश्न झाकून ठेवावेत आणि उतारा शेवटपर्यंत वाचावा. अडलेल्या शब्दापाशी थांबू नये. नंतर पुस्तक मिटून, आत काय होते ते दोन-तीन वाक्यांत मराठीत मोठ्याने सांगावे. ऐकायला मूल असो, सासू असो, की कुणीच नसो. सांगता आले नाही तर पुन्हा वाचावे. सांगता आल्याशिवाय प्रश्नांना हात लावू नये. सारांशाच्या ५ गुणांची तयारी यातच होऊन जाते.

दुसरी गोष्ट, ओळखीच्या विषयापासून सुरुवात करावी. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला आणि मैदानाच्या प्रतिकृतीवर तो खेळ मांडून दाखवायला सांगितले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले त्या खेळाची माहिती नसलेल्या वाचनपटू मुलांपेक्षा सरस ठरली. याचा अर्थ असा, की आपल्या मुलांना विमानतळावरचा उतारा कळला नाही तर तो केवळ इंग्रजीचा दोष नसतो, आणि त्यांच्या बुद्धीचा तर नसतोच. म्हणून आधी शेती, पाऊस, कबड्डी, बाजार, एसटी यांवरचे उतारे घ्यावेत. सकाळच्या मराठी वर्तमानपत्रात वाचलेलीच बातमी इंग्रजी वर्तमानपत्रात शोधून वाचावी. विषय माहीत असला की भाषा आपोआप उलगडते. मग हळूहळू अनोळखी विषयांकडे जावे.

तिसरी गोष्ट, कठीण शब्दाचा अर्थ आधी आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडावा, तो वहीत लिहावा आणि नंतरच शब्दकोश उघडावा. अंदाज चुकला तरी चालेल. चुकलेला अंदाज दुरुस्त केला की शब्द कायमचा लक्षात राहतो. चौथी गोष्ट, प्रत्येक उत्तरासमोर ते उताऱ्यातल्या कोणत्या ओळीवरून काढले, ते लिहावे. आणि शेवटची, रोज वीस मिनिटे. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक उपयोगाची, हे मी अनुभवाने सांगतो.

यावर दोन आक्षेप ऐकू येतात. एक असा की, "पस्तीस गुणांपुरते आले तरी पुष्कळ, एवढा खटाटोप कशाला?" ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांना हे वाटणे मी समजू शकतो. पण पासापुरते गुणसुद्धा आता पाठांतरातून मिळत नाहीत, हे वर दाखवले आहे. दुसरा आक्षेप तरुणांचा. "मोबाइल क्षणात भाषांतर करतो, मग वाचायचे कशाला?" मोबाइलचा उपयोग करावा, जरूर करावा. पण भाषांतर बरोबर आहे की नाही, हे ओळखायला वाचता यावे लागते. शिवाय मराठीत आलेला मजकूर तरी आपण समजून वाचतो का? कर्जाच्या करारावर, विम्याच्या कागदावर, रुग्णालयातल्या संमतिपत्रावर आपण 'इथे सही करा' एवढेच ऐकून सही करतो. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचे कामकाज सर्वसाधारणपणे इंग्रजीतून चालते. आपल्या जमिनीचा, आपल्या अत्याचाराच्या खटल्याचा निकाल ज्या भाषेत लिहिला जातो, तो वाचायला कायम दुसऱ्याचे डोळे उसने घ्यायचे काय? उसन्या बैलावर पेरणी होत नाही, हे त्या उताऱ्यातल्या शेतकऱ्याला कळले होते.

आपल्या पूर्वजांना वाचण्याची मनाई होती. ती उठली. आता धोका वेगळा आहे : अक्षरे येतात, प्रमाणपत्रे येतात, पण मजकुराचा अर्थ अजून दुसराच कुणीतरी सांगतो. जो अर्थ सांगतो, तोच मग आपले मतही ठरवतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिला आणि तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. आपल्या घराघरांत तो मराठी अनुवादात आहे, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला त्याचे एक पान तरी मुळातून, कुणाच्या मदतीशिवाय वाचून समजावे, अशी अपेक्षा ठेवणे फार आहे असे मला वाटत नाही.

ती विद्यार्थिनी पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी गुण विचारले नाहीत. अपठित उतारा कशावर होता ते विचारले. तिने उभ्या उभ्या सगळी गोष्ट मराठीत सांगितली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपण देणगी देता, जयंतीला येता, याबद्दल शाळा ऋणी आहे. महिन्यातला एक रविवारही द्या. शाळेच्या एका खोलीत सतरा नंबरचा फॉर्म भरलेली आठ-दहा माणसे बसतील. त्यांना शिकवायचे नाही, उत्तरे सांगायची नाहीत. ती वाचतील, पुस्तक मिटतील आणि गोष्ट सांगतील. आपण समोर बसून फक्त ऐकायचे आहे.