चौदा दिवसांची आंतरवासिता

शरीराइतकाच मनाचाही विचार करणारी वैद्यकपरंपरा या भूमीत नांदली. चरकाचार्यांनी चिकित्सेचे तीन प्रकार सांगताना सत्त्वावजयाला, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याला, स्वतंत्र स्थान दिले. त्याच समाजात आज मनोरुग्ण मागच्या खोलीत दडवला जातो, हे क्लेशदायक आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती मनोविकारांनी ग्रस्त आढळल्या. विविध विकारांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळालेलेच नव्हते.

मनोविकारतज्ज्ञ मोजके आणि तेही बहुतांशी शहरांत. त्यामुळे निद्रानाश, छातीतील धडधड, घेरी अशा तक्रारी घेऊन रुग्ण प्रथम येतो तो नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांना या तक्रारींमागचे मन वाचता आले पाहिजे. म्हणूनच २०२१ च्या नियमांनी एम.बी.बी.एस. नंतरच्या आंतरवासितेत मनोविकारशास्त्राचे दोन आठवडे अनिवार्य केले, हे स्वागतार्हच आहे.

तथापि नियमाने दिवस मिळतात, शिक्षण मिळतेच असे नाही. ते चौदा दिवस केवळ केसपेपर भरण्यात गेले, तर हाती प्रमाणपत्राखेरीज काय उरणार? महाराष्ट्रातील अडचण रचनेतच आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. तर ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आणि १९९६ मध्ये देशात सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथके सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. विद्यार्थी एकाचा, रुग्ण दुसऱ्याचा! या दोहोंमध्ये सेतू बांधणारा एक उत्तरदायी समन्वयक हवा. काही दिवस महाविद्यालयाच्या रुग्णकक्षात, काही मनोरुग्णालयात, काही तालुक्याला जाणाऱ्या पथकासोबत, असे वेळापत्रक त्याने वर्षारंभीच आखावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची योजना २०२० मध्ये अधिसूचित झाली, तेव्हा तिच्यात समन्वयकाची तरतूद केली गेली. तेच सूत्र आंतरवासितेलाही लावणे अशक्य नाही.

मात्र सारे शासनावर सोपवून समाजाने हात झटकणे योग्य नव्हे. औषधाची चिठ्ठी रुग्णालयात लिहिली जाते. ते औषध वेळेवर दिले जाते ते घरात. हे घर तरुण डॉक्टरांनी पाहिलेच नाही, तर त्यांचे शिक्षण अपुरे राहील. तालुक्याला आलेल्या डॉक्टरांच्या निवास-भोजनाची व्यवस्था करणे, कुटुंबाची संमती घेऊन आणि रुग्णाची गोपनीयता जपून त्यांना सेवावस्तीतील घरापर्यंत नेणे, उपचार मध्येच सोडणाऱ्यांना पुन्हा दवाखान्यात आणणे, ही कामे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातील आहेत. त्यासाठी फार निधी लागत नाही. लागतो तो आपलेपणा.

मानसिक आरोग्य सेवा कायद्याने २०१७ मध्ये उपचाराला हक्काचे स्थान दिले. हक्क कागदावरून घरापर्यंत पोहोचतो तो माणसांच्या हातून. ते हात घडवण्यासाठी आज चौदा दिवस उपलब्ध आहेत. ते वाया जाऊ न देणे, हे शासनाचे आणि समाजाचेही कर्तव्य होय.