‘रत्नागिरी’ लिहिलं आणि टायटलच गायब! एडिटिंग ॲपचे शॉर्टकट मराठीच्या आड का येतात?

मोबाईलवर एडिटिंग शिकलेली पिढी आता कीबोर्डकडे सरकतेय. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालते, आयपॅडवर तर ती डिसेंबर २०२२ पासून आहे. सॅमसंगचं डेक्स २०१७ पासून फोनला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडू देतंय. मे २०२५ मध्ये गुगलनेही अँड्रॉइडसाठी तसाच डेस्कटॉप मोड तयार करत असल्याचं सांगितलं. म्हणजे आज इनशॉट किंवा काइनमास्टरवर रील कापणाऱ्याच्या हाताखाली खरा कीबोर्ड यायला फार वेळ लागणार नाही.

तो आला की एक विचित्र प्रकार हमखास घडतो. टायटल लिहायला घ्यावं, तर अक्षरं उमटतच नाहीत. उलट व्हिडिओ आपोआप सुरू होतो, क्लिप मधूनच कापली जाते, नाहीतर टायटलच दिसेनासं होतं. मग आपण फॉन्टला दोष देतो, ग्राफिक्स कार्डला देतो, शेवटी ॲप काढून पुन्हा टाकतो. खरं तर बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. तुम्ही टाइप केलेली अक्षरं ॲपने कमांड म्हणून घेतलेली असतात.

फोनवर असं होत नाही, कारण तिथला कीबोर्ड लिहायच्या चौकटीवर टॅप केल्यावरच वर येतो. कीबोर्ड दिसतोय म्हणजे अक्षरं जायची जागा ठरलेली आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड मात्र सदैव चालू. दाबलेलं बटण कुणाला मिळणार हे ‘फोकस’वर ठरतं, म्हणजे त्या क्षणी विंडोचा कोणता भाग जागा आहे त्यावर. रिझॉल्व्हमध्ये टायटलचा मजकूर उजवीकडच्या इन्स्पेक्टरमधल्या चौकटीत लिहितात. लिहिता लिहिता टायमलाइनवर एक क्लिक झाला की फोकस तिकडे गेला. आणि ते तुम्हाला कुणी सांगत नाही.

एका शब्दाची करामत

समजा टायटल सिलेक्ट केलेलं आहे, फोकस टायमलाइनवर आहे आणि तुम्ही रोमन अक्षरांतून ‘बदल’ टाइप केलंत. बी, ए, डी, ए, एल. रिझॉल्व्हच्या मूळ सेटिंगमध्ये ‘बी’ म्हणजे ब्लेड, ‘ए’ म्हणजे परत साधा सिलेक्शन मोड, ‘डी’ म्हणजे निवडलेली क्लिप बंद, पुन्हा ‘ए’, आणि ‘एल’ म्हणजे प्ले. निकाल काय? टायटल स्क्रीनवरून गेलं आणि व्हिडिओ पळायला लागला. गोंधळून तुम्ही सवयीने बॅकस्पेस दाबता, आणि ते टायटल टायमलाइनवरूनही उडतं. बॅकस्पेसऐवजी डिलीट दाबलंत तर मोकळी झालेली जागासुद्धा भरली जाते आणि पुढचं सगळं डावीकडे सरकतं. रात्रभर बसून जुळवलेले कॅप्शन मग भलत्याच वाक्यांवर येऊ शकतात.

ॲडोबी प्रीमियरमध्ये ‘बी’, ‘डी’चे अर्थ वेगळे, पण धोका तोच. तिथे ‘क्यू’ आणि ‘डब्ल्यू’ ही सगळ्यात महागडी बटणं. ‘डब्ल्यू’ दाबलं की प्लेहेडपासून पुढच्या कटपर्यंतचा भाग जातो आणि मधली फटही मिटते. ‘वाई’च्या व्हलॉगला नाव देताना ‘व्ही’ने सुरुवात केलीत तर फक्त सिलेक्शन टूल येईल, ‘डब्ल्यू’ने केलीत तर क्लिपच आखूड होईल!

मराठीला दुप्पट त्रास

इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा त्रास एकदाच होतो, आपल्याला दोनदा. कारण आपलं बोट आणि उमटणारं अक्षर यांच्यामध्ये आणखी एक थर असतो, भाषेच्या इनपुटचा.

इनस्क्रिप्ट घ्या. या लेआउटमध्ये ‘डी’च्या बटणावर हलन्त आहे, म्हणजे जोडाक्षरासाठी पाय मोडायची खूण. काही प्रोग्राम कोणतं अक्षर उमटलं ते बघतात, काही कोणतं बटण दाबलं ते. बटण बघणाऱ्या प्रोग्रामला तुम्ही ‘त्ना’ लिहिताय हे कळतच नाही, त्याला फक्त ‘डी’ दिसतं. फोकस चुकलेला असताना रिझॉल्व्हमध्ये ‘रत्नागिरी’ लिहिलंत तर एक जोडाक्षर, एक ‘डी’, टायटल बंद. ‘महाराष्ट्र’मध्ये ‘ष्ट्र’साठी दोन हलन्त लागतात, म्हणजे टायटल बंद होऊन पुन्हा चालू. एकाच पद्धतीने लिहूनही कधी गायब, कधी जागेवर, असं का होतं त्याचं हे एक उत्तर.

अक्षर बघणाऱ्या प्रोग्रामची तऱ्हा उलटी. लेआउट मराठीवर राहिला तर ‘के’ दाबल्यावर त्याला ‘क’ मिळतो, आणि ‘क’ नावाचा शॉर्टकट त्याच्या यादीत नसतो. म्हणजे लिहिताना शॉर्टकट नको तेव्हा चालतात आणि एडिटिंग करताना हवे तेव्हा चालत नाहीत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एडिटरांत आणखी एक भानगड आहे. फोनेटिकने लिहिताना सुचवलेला शब्द स्वीकारायला तुम्ही एंटर दाबता, आणि एडिटर समजतो की तुमचं लिहून झालं. शब्द अजून जुळतोय ही खूण ब्राउझर देऊ शकतो, पण ती तपासायची की नाही हे ॲप बनवणाऱ्याच्या हातात असतं.

यात मला मुद्दाम केलेला अन्याय दिसत नाही, जुनी गृहीतकं दिसतात. एका हाताने माउस आणि दुसऱ्याने एकेक बटण, अशी कामाची पद्धत व्यावसायिक एडिटरांसाठी घडली. टायटल म्हणजे सुरुवातीला नाव आणि शेवटी श्रेयनामावली, एवढंच. आज आवाज बंद ठेवून रील बघणारे इतके आहेत की जवळपास प्रत्येक वाक्याला कॅप्शन लागतं. लिहिणं हे एडिटिंगचंच मोठं काम झालंय, शॉर्टकटची रचना मात्र तीच राहिली.

आधी एवढं करून बघा

गडबड झाली की सगळ्यात आधी हात कीबोर्डवरून काढा. मग हिस्ट्री उघडा. प्रीमियरमध्ये ती विंडो मेनूत आहे, रिझॉल्व्हमध्ये एडिट मेनूत. बदललेल्या गोष्टी तिथे ओळीने दिसतात, त्यामुळे कंट्रोल-झेड किती वेळा दाबायचं याचा अंदाज करावा लागत नाही. यादीत तुम्ही न केलेली कामं दिसली तर दोष फोकसचा, हे नक्की.

दुसरं, धोक्याची बटणं बदला. दोन्ही ॲपमध्ये विंडोजवर कंट्रोल-ऑल्ट-के दाबलं की शॉर्टकटची यादी उघडते. रिझॉल्व्हमधला ‘डी’ आणि प्रीमियरमधले ‘क्यू’, ‘डब्ल्यू’ काढून टाका किंवा त्यांना शिफ्टची जोड द्या, आणि ही मांडणी स्वतःच्या नावाने सेव्ह करा. एडिटिंगचा वेग थोडा कमी होईल, पण ज्यांच्या व्हिडिओत कॅप्शन जास्त, त्यांना हा सौदा परवडतो.

लांब मजकूर असेल तर सरळ नोटपॅडमध्ये लिहा आणि चौकटीत पेस्ट करा. ओबडधोबड वाटेल, पण मला हाच उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो. विंडोजमध्ये प्रत्येक ॲपसाठी वेगळी इनपुट भाषा ठेवायची सोय आहे. टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंगमध्ये ती चालू केलीत की नोटपॅड मराठीत आणि एडिटर इंग्रजीत राहतो. (प्रीमियरमध्ये मात्रा किंवा जोडाक्षरं तुटत असतील तर ते दुखणं वेगळं. ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई भाषांचं टेक्स्ट इंजिन निवडा.)

कंपन्यांकडे काय मागायचं?

वेबसाइटसाठी याचा नियम आधीच आहे. जून २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या मानकातलं कलम २.१.४ सांगतं की एकाच अक्षराचा शॉर्टकट ठेवायचा असेल तर तो बंद करता यावा, बदलता यावा, नाहीतर संबंधित भागावर फोकस असेल तेव्हाच चालावा. बोलून टाइप करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांच्या तोंडून निघालेला एखादा शब्द दहा कमांड देऊन बसतो. डेस्कटॉपवरच्या एडिटरांसाठी मात्र हा वेबचा नियम लिहिलेला नाही. त्यांच्याकडून एक साधा ‘लेखन मोड’ मागायला काय हरकत आहे? टायटल उघडलं की एस्केप दाबेपर्यंत एका बटणाचे सगळे शॉर्टकट बंद.

तक्रार पाठवताना ‘मराठी चालत नाही’ एवढंच लिहू नका. इनस्क्रिप्ट की फोनेटिक, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, कोणता शब्द लिहीत होतात हे सांगा आणि सोबत हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट जोडा. तोच शब्द तसाच टाइप करून त्यांना गडबड त्यांच्या मशीनवर पाहता आली, तर दुरुस्ती होण्याची शक्यता वाढते.